आधी जेव, मग फोन कर

मनिलाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथली कार्यालयं आठ वाजता उघडतात तेव्हा मुंबईत मरोळमध्ये पहाटेचे साडेपाच झालेले असतात आणि मी माझ्या खुर्चीत बसलेली असते. गेली काही वर्षं माझा दिवस फिलिपिन्सच्या वेळेवर चालतो. त्या देशात मी कधी गेलेली नाही. पासपोर्ट काढलाय, पण तो कोराच आहे.

आमची कंपनी परदेशातल्या विमा कंपन्यांसाठी बातम्या वाचते. मालाची जहाजं कुठल्या समुद्रातून न्यायची, कुठे धोका वाढलाय, हे त्यांना रोज कळायला हवं असतं. अंधेरीच्या एमआयडीसीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही काहीजण बसतो, प्रत्येकाच्या वाट्याला एकेक देश. माझ्या वाट्याला फिलिपिन्स आला. तिथल्या सिनेटमधल्या सुनावण्या, संरक्षणाचा अर्थसंकल्प, राष्ट्राध्यक्षांच्या प्रवक्त्यांची निवेदनं, तटरक्षक दलाने टाकलेले व्हिडिओ हे सगळं पाहून मी इंग्रजीत एक पान लिहिते आणि त्याला धोक्यानुसार रंग देते. हिरवा, पिवळा किंवा लाल. बहुतेक दिवस पिवळा असतो.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मराठी शाळेत शिकले. घरातली पहिली पदवीधर. निकाल लागला तेव्हा आमच्या वस्तीतल्या विहारात माझा सत्कार झाला होता, नारळ आणि शाल देऊन. ज्या सरांनी मला शाळा सुटल्यावर बसवून इंग्रजी वर्तमानपत्र वाचायला लावलं, ते तेव्हा म्हणाले होते, "हिला जगाच्या बातम्या कळतात." आज ते शब्द आठवले की हसू येतं आणि सरांचे पाय धरावेसेही वाटतात. कारण माझं पोट खरोखरच जगाच्या बातम्यांवर भरतं. जगाच्या नाही, एकाच देशाच्या. पण त्या देशाच्या मात्र सगळ्या.

शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण मुलुंडची. तिचा देश व्हिएतनाम. ती मला म्हणायची, "काय गं, चोवीसच्या चोवीस सिनेटर तुला तोंडपाठ, आणि तुझ्या बाजूच्या खोलीत कोण राहतं ते माहीत नाही. कमाल आहेस यार."

"माहीत आहे ना. एक बाई राहते."

"नाव काय तिचं?"

मला सांगता आलं नाही. ती टेबलावर हात आपटून हसली. मीही हसले.

पण ते खरं होतं. दुपारी दोनला माझं काम संपायचं. त्या वेळी सगळं मरोळ कामावर असायचं. मी खोलीवर जायची तेव्हा जिन्यात फक्त कुरिअरवाले भेटायचे. लोक परतायला लागत तेव्हा मी झोपायच्या तयारीत असायची. आईला फोन केला की ती विचारायची, "आज काय काम केलं?" मी सांगायची, "तिथल्या संरक्षणमंत्र्यांचं भाषण होतं." आई म्हणायची, "बरं." तिला अभिमान होता, पण त्या अभिमानाला पुढे विचारायला प्रश्न नव्हता.

त्या काळात माझ्याशी रोज बोलणारं माणूस एकच होतं आणि ते मनिलाला होतं.

तिथली निवेदनं पुष्कळदा टागालोग या तिकडच्या भाषेत असतात. त्यासाठी कंपनीने मनिलातल्या एक निवृत्त बाई ठेवल्या होत्या. त्यांनी उभा जन्म एका सरकारी प्रसिद्धी कार्यालयात निवेदनं लिहिण्यात घालवला होता. मी मजकूर पाठवायचा, त्यांनी अर्थ सांगायचा, असं आमचं काम. आम्ही सगळे त्यांना तीता म्हणायचो. तिकडे मावशी-आत्यांना तसं म्हणतात. त्या मला 'अनाक' म्हणायच्या, आपण 'बाळा' म्हणतो तसं. बोलणं इंग्रजीतच चालायचं. त्यांचं इंग्रजी सफाईदार, माझं शाळेतल्या फळ्यावरून उतरवल्यासारखं.

निवेदन कसं वाचायचं ते मला त्यांनी शिकवलं. "अनाक, काय लिहिलंय ते सगळेच वाचतात," त्या म्हणायच्या. "आम्ही काय लिहायचं टाळलंय ते तू शोध. मी तीस वर्षं टाळलंय. मला विचार."

एकदा मी विचारलं, "राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्याचे प्रवक्ते म्हणतात परिस्थिती शांत आहे आणि संरक्षणवाले म्हणतात आम्ही मागे हटणार नाही. खरं कोणाचं?"

"दोघांचं. एकाला शेअर बाजार सांभाळायचा असतो, दुसऱ्याला सैनिक. माझ्या घरीही असंच. नवरा शेजाऱ्यांना सांगायचा की सगळं उत्तम आहे आणि मी आत भांडी आपटायचे."

रोज सकाळी त्यांचा पहिला निरोप ठरलेला असायचा, "जेवलीस का?" तिकडे ही रामरामासारखी रीत आहे. सकाळी सहा वाजता कसली जेवतेय मी! पण रोज उत्तर द्यायची. चहा झाला, बिस्किटं झाली, पोहे झाले. मुंबईत मला हे विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

फक्त एका विषयाला त्या हात लावायच्या नाहीत. सुरुवातीलाच त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, "सिनेट वाचीन, अर्थसंकल्प वाचीन. समुद्राचं काही आलं तर माझ्याकडे पाठवू नकोस, आणि मला सांगूही नकोस."

त्याचं कारण त्यांचा मुलगा. एकुलता एक, नौदलात. त्या समुद्रात एका उथळ खडकावर फिलिपिन्सने एक जुनं लढाऊ जहाज मुद्दाम रुतवून ठेवलंय. ही जागा आमची आहे हे दाखवण्यासाठी. शेजारचा मोठा देश म्हणतो, आमची आहे. जहाज गंजून भोकं पडलेलं, हलू न शकणारं, आणि त्याच्यावर मूठभर सैनिक राहतात. त्यांच्यासाठी तांदूळ, पाणी, औषधं घेऊन अधूनमधून एक छोटी बोट जाते. त्याच बोटीने तिथली माणसं बदलतात. मोठ्या देशाची जहाजं या बोटीला आडवी येतात आणि तिच्यावर पाण्याचे फवारे मारतात, ज्यांनी काचा फुटतात असे फवारे. माझ्या पानाचा रंग बदलायचा तो बहुधा या बोटीमुळेच.

तीतांचा मुलगा त्या गंजक्या जहाजावर होता. जगातल्या कित्येक परराष्ट्र खात्यांना त्या जहाजाचं महत्त्व नकाशावरच्या ठिपक्याएवढं असेल. तीतांसाठी तिथे एक पोरगा होता ज्याला आमटीत जास्त चिंच लागायची.

आता मला माझ्या घरची एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे मरणाची बातमी उपाशीपोटी सांगत नाहीत. एकदा सांगितली की माणूस जेवत नाही, चूल पेटत नाही, आणि पुढे लांबचा प्रवास असतो. म्हणून ज्याचं माणूस गेलंय त्याला आधी जेवू घालतात, मग बसवतात, मग सांगतात. मी औरंगाबादला सरकारी वसतिगृहात होते तेव्हा एका सकाळी स्वयंपाकाच्या मावशी मला वर्गातून बोलवायला आल्या. "चल, आधी जेवून घे, मग तुझ्याशी बोलायचंय," म्हणाल्या. मला नवल वाटलं, कारण जेवणाची वेळ झाली नव्हती. त्यांनी मला तव्यावरची गरम भाकरी वाढली. वर तूप घातलं. तूप आमच्या मेसमध्ये सणालाच मिळायचं. मी मजेत जेवले. मावशी समोर बसून माझ्याकडे बघत होत्या, डोळ्यांना पदर लावत. मला वाटलं, चुलीचा धूर गेला असेल. हात धुतल्यावर त्यांनी सांगितलं की वडील गेले.

मावशींवर माझा राग नाही. ती भाकरी नसती तर सात-आठ तासांच्या एसटीत माझं काय झालं असतं कोण जाणे. पण तेव्हापासून कोणी 'आधी जेव, मग सांगते' म्हटलं की माझे पाय गार पडतात.

तर ती सकाळ. सिनेटमध्ये संरक्षणाच्या पैशांवर वाद चालू होता आणि मी तोच ऐकत होते. नऊच्या सुमाराला स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल पट्टी आली. तटरक्षक दलाचं निवेदन. रसद घेऊन निघालेल्या बोटीवर फवारे मारले गेले, धडक बसली, आणि नौदलाचा एक जवान गंभीर जखमी झाला. नाव दिलं नव्हतं. कुटुंबाला कळवेपर्यंत नाव जाहीर करणार नाही, एवढंच होतं.

मी ते दुसऱ्यांदा वाचत असतानाच तीतांचा निरोप आला.

"अनाक, आधी जेव, मग फोन कर. तुला काही सांगायचंय."

नुसतं 'जेवलीस का' असतं तर मी नेहमीसारखं उत्तर दिलं असतं. पण हे तसं नव्हतं. हे वसतिगृहातल्या मावशींचं वाक्य होतं, जसंच्या तसं. मी ठरवून टाकलं. कुटुंबाला कळवलंय, आणि ते कुटुंब म्हणजे तीता. जखमी नाही, गेलाच. त्या मला सांगण्याआधी माझ्या जेवणाची काळजी करताहेत.

मैत्रिणीने माझा चेहरा बघितला. "काय झालं गं? रंग बदलला का?"

मी मीटिंगच्या खोलीत गेले, दार लावलं आणि फोन लावला. तीतांनी उचलला. मागे भांड्यांचा आवाज होता, कुठलंतरी गाणं चालू होतं.

"इतक्यात जेवलीस? काय खाल्लंस?"

मी रडायला लागले. "तीता, मी वाचलं," एवढंच म्हणाले. "मला फार वाईट वाटतंय, तीता."

गाणं बंद झालं.

"काय वाचलंस?"

मग माझ्या लक्षात आलं की त्यांना काहीच माहीत नाही. पण तोवर वाक्य गेलं होतं. बोलून झालेलं परत घेता येत नाही. दुरुस्तीपत्रक काढता येतं, पण ते वाचणाऱ्याने आधीचं वाचलेलं असतं.

"समुद्राचं आहे का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगू नको म्हणाला होतात."

"आता सांग."

मी सांगितलं. फवारे, धडक, एक जवान, नाव नाही. त्या ऐकत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "काल त्याचा फोन आला होता. तारीख सांगायची परवानगी नसते त्यांना. पण म्हणाला, आई, या आठवड्यात चिंच आणून ठेव. मी समजले. त्याच्या बदलीची माणसं येणार आणि तो त्याच बोटीने परतणार. तेच तुला सांगायचं होतं, अनाक. निवांत, जेवण झाल्यावर. चिंच भिजत घातलीय मी."

त्या खोलीत एक पांढरा फळा होता, त्यावर कोणाच्या तरी विक्रीचे आकडे तसेच राहिले होते. मी त्यांच्याकडे बघत उभी होते. माझ्या डोक्यात एकच होतं. तो त्या बोटीत होता. मी चुकून सांगितलं आणि ते खरंच निघालं.

"रडू नकोस," तीता म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. ऑफिसातला झाला होता. "निवेदन समोर आहे? पूर्ण वाच. शब्द गाळू नकोस."

मी फोनवरच निवेदन उघडून वाचलं.

"दुसरा परिच्छेद पुन्हा वाच. बोट जहाजापर्यंत पोचली, असं कुठे आहे?"

मी शोधलं. बोट निघाली, असं होतं. अडवली, असं होतं. जवानांनी धैर्य दाखवलं, असंही होतं.

"पोचल्याचं नाही, तीता."

"सामान उतरवल्याचं?"

"नाही."

"मी असे कितीतरी परिच्छेद लिहिलेत," त्या म्हणाल्या. "बोट पोचली असती तर तेच पहिलं वाक्य असतं. ती छाती फुगवायची गोष्ट असते. पोचली नाही म्हणून धैर्य लिहिलंय. बोट वाटेतूनच परत फिरली." मग म्हणाल्या, "पोचलीच नाही, तर तो तिच्यात चढला कसा असेल?"

मी खुर्ची ओढून बसले. तरी त्यांनी मला फोन ठेवू दिला नाही. माझ्याशीच बोलत राहिल्या असंही नाही. फोन बाजूला ठेवून त्या दुसऱ्या फोनवरून जुन्या कचेरीतल्या कोणाला तरी लावत होत्या. मला त्यांचं टागालोग लांबून ऐकू येत होतं आणि त्यातलं अर्धं कळत होतं. मैत्रीण दारातून डोकावली, मी हाताने थांब म्हटलं. तिने माझ्यासमोर पाण्याची बाटली ठेवली आणि गेली. माझं पान तिने पाठवलं, हे मला नंतर कळलं. वर लाल रंग.

बऱ्याच वेळाने तीता फोनवर आल्या.

"तो जहाजावरच आहे. बोट परत फिरली. जखमी झाला तो बोटीवरचा मुलगा." आणि मग, "त्याची आई आहे. दूरच्या बेटावर राहते. तिला आत्ता कोणीतरी फोन करत असेल."

आनंद झाला म्हणायची सोय नव्हती.

"तू का रडलीस पण?" त्यांनी शेवटी विचारलं. "तुला कोण म्हणालं माझा मुलगा गेला?"

मग मी त्यांना वसतिगृहातल्या मावशींची गोष्ट सांगितली. भाकरी, तूप, सगळं. ती मी त्याआधी कोणालाही सांगितली नव्हती. त्या ऐकत होत्या. नंतर म्हणाल्या, "अरे देवा. आणि मी तुला रोज विचारते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा निरोप आला, "गुड मॉर्निंग."

तिसऱ्या दिवशीही तेच. मी वाट बघायची. मजकूर पाठवायची, अर्थ यायचा, अचूक, नीट टंकलेला. शेवटी "आभार" असायचं. त्या माझ्यावर रागावल्या नव्हत्या, हे मला कळत होतं. उलट मला जपत होत्या. माझे पाय गार पडू नयेत म्हणून त्यांनी एक सवय उचलून बाजूला ठेवली होती, लहान मुलाच्या हाताला लागू नये म्हणून सुरी ठेवतात तशी. पण त्या जागी काहीच नव्हतं. कामाचे दिवस चालले होते, आणि कोणीही मला जेवलीस का म्हणून विचारत नव्हतं. मी एकदा 'आज उपमा खाल्ला' असं आपणहून टंकलं, आणि न पाठवताच खोडून टाकलं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लाज वाटली.

पुढच्या बोटीला बरेच आठवडे लागले. या वेळी मी जागेवर नव्हते, सुट्टीवर घरी गेले होते. परत आल्यावर तीतांची एक ओळ दिसली, "तो घरी आला. बारीक झालाय." खाली एक फोटो, पातेल्याचा. मुलाचा नाही, चिंचेच्या आमटीचा. मी पुष्कळ वेळ तो फोटो बघत बसले. मोठं पातेलं होतं. बरीच माणसं जेवली असतील.

त्या रविवारी मला खोलीत बसवेना. मालाडहून बस धरून मार्व्याला गेले आणि फेरीबोटीने मनोरीला उतरले. मी कधीतरी जाते तिथे. समुद्र वेगळा आहे, पण बोटी बघायला मिळतात. वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळींचा फोटो काढत होते, तर जाळं आवरणारी एक कोळीण मला म्हणाली, "काय गो, एकटीच आलीस? दर वेळी एकटीच. फोटू काढून पोट भरतं का तुझं?"

"नाही मावशी."

"मग? खा ना काय तरी. का फोटूच खातेस?" बाजूच्या दोघी हसल्या. मलाही हसू आलं.

मी बांधावर बसले आणि बोंबलांचा तो फोटो तीतांना पाठवला. त्यांच्याकडेही मासे असेच वाळवतात, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. खाली काय लिहावं हे बराच वेळ सुचेना. रोज एका देशाचं एक पान लिहिणारी मी, एका वाक्यापाशी अडले होते. शेवटी लिहिलं, "तीता, मी अजून जेवले नाही."

निळ्या खुणा आल्या. त्या काहीतरी लिहीत होत्या, थांबत होत्या, पुन्हा लिहीत होत्या. निवेदनं लिहिण्यात जन्म गेलेली बाई, तीही अडली असावी.

मग आलं, "तिथे समोर मासे वाळताहेत आणि तू उपाशी? आधी जेव. मग फोन कर. काही झालेलं नाही, सगळे ठीक आहोत. फक्त गप्पा मारायच्यात."

मधलं ते वाक्य त्यांनी माझ्यासाठी घातलं होतं. तरी छातीत एकदा धस्स झालंच. मी तशीच बसून राहिले, ते ओसरेपर्यंत. मग उठून जेट्टीजवळच्या खानावळीत गेले. "किती जण?" पोळ्या लाटणाऱ्या बाईने विचारलं. मी म्हटलं, एक. सुरमई नव्हती, बोंबील होते. फोन ताटाशेजारी उपडा ठेवला आणि सावकाश जेवले. मला घाई नव्हती.